हॉलंड जिंकल्यावर अक्षता

विजयसिंह नलवड्यांना फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं की गोलकीपर सोडून बाकीच्यांनी चेंडूला हात लावायचा नसतो. जन्म कोल्हापुरात, शाळा कोल्हापुरात, पतसंस्थेतली शाखाधिकाऱ्याची खुर्चीही कोल्हापुरात, आणि ज्ञान एवढंच! बाहेर कळलं असतं तर या फुटबॉलवेड्या गावातल्या लोकांनी त्यांना पुण्याचे समजून वागवलं असतं. म्हणून त्यांनी ही गोष्ट आयुष्यभर दडवून ठेवली होती. ऑफिसात मॅचचा विषय निघाला की ते मान हलवून म्हणत, "रेफ्री पण तसलाच होता बघा." हे वाक्य कुठल्याही सामन्याला चालतं, आणि कुणी उलट विचारत नाही.

बिंग फुटायची वेळ आली ती मुलीच्या लग्नामुळे. प्रियदर्शनीनं, म्हणजे दातांची डॉक्टर असलेल्या त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या राजवीरचं नाव सांगितलं. मुलगा मंगळवार पेठेतला, इंजिनिअर, निर्व्यसनी. वर्षाराणींनी, म्हणजे विजयसिंहांच्या पत्नीनं, त्याचा फोटो बघून चकलीचा डबा उघडला तो लावलाच नाही, इतक्या त्या हरखल्या. अडचण एकच होती, ती म्हणजे मुलाचे वडील सयाजीराव.

"आमचे बाबा माणूस बघत नाहीत, टीम बघतात," असं राजवीरनं आधीच सांगून ठेवलं होतं. टीम कुठली ते मात्र मुलीकडच्यांना फोडायचं नाही, अशी वडिलांनी त्याला शपथ घातली होती. सयाजीराव एकेकाळी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. त्यांच्या पुतण्याचं ठरलेलं लग्न केवळ मुलीच्या वडिलांनी 'हाफटाइम किती वेळा असतो?' असं विचारल्यामुळे मोडलं होतं. आणि ते रविवारी घर बघायला येणार होते. कतारचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला. गल्लोगल्ली ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागलेले. नलवड्यांच्या गच्चीवर मात्र वाळत घातलेल्या चादरीच तेवढ्या होत्या.

"बाबा, एक झेंडा लावा फक्त. बाकी काही बोलू नका," प्रियदर्शनी म्हणाली.

एक झेंडा लावायचा, एवढंच काम. पण कुणाचा? हा प्रश्न विजयसिंहांनी शेजारच्या सोमशेखरना विचारला. सोमशेखर मूळचे गडहिंग्लजकडचे, भुसाराचे व्यापारी. सल्ला मागितला की माणूस खूश होतो, सोमशेखर तर खुर्ची घेऊनच बसले.

"ब्राझील लावला तर अर्जेंटिनावाले तोंड फिरवणार. अर्जेंटिना लावला तर ब्राझीलवाले. पावणं कुठल्या पार्टीचं, ते तुम्हाला ठाऊक न्हाय. मग मधला मार्ग काय? मागचा कप कुणाचा? फ्रान्सचा! जिंकलेल्याचा झेंडा लावला तर कोण बोलणार हो?"

हे इतकं व्यवहारी होतं की विजयसिंहांनी लगेच तीन रंगांचं कापड आणून नाक्यावरच्या गुंडू टेलरकडे दिलं. निळा, पांढरा, लाल असे तीन उभे पट्टे जोडायचे, असं कागदावर काढूनही दाखवलं. गुंडू टेलरनं ते मन लावून शिवलं. मात्र गुंडूचा हात बसलेला पडद्यांवर. गच्चीच्या कठड्याच्या पायपावर ओवायचं आहे हे ऐकून त्यानं पडद्याला घालतात तशी नळी घातली, आणि ती घातली नेमकी लाल कडेला. कठड्यावर झेंडा सुटला तेव्हा लाल वर, पांढरा मधे, निळा खाली. उभे पट्टे आडवे झाले. खालून बघणाऱ्या विजयसिंहांना तो फारच शोभिवंत वाटला. त्यांनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, त्यावर सत्तावीस अंगठे आले. फ्रान्सचा झेंडा असा पाडून टांगला की तो हॉलंडचा होतो, ही माहिती सत्तावीस माणसांपैकी एकालाही नव्हती.

रविवारी सयाजीराव आले. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, हात असे की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हायचा. सोबत पत्नी शालूबाई आणि राजवीर. गेटातून आत येता येता सयाजीराव थांबले आणि वर बघत राहिले. बघता बघता त्या सहा फुटी माणसाचे डोळे भरून आले.

"विजयराव," ते म्हणाले, "अख्ख्या कोल्हापुरात हॉलंडचा मी एकटाच हाय असं वाटत हुतं मला."

विजयसिंहांनी प्रियदर्शनीकडे पाहिलं, प्रियदर्शनीनं राजवीरकडे, राजवीरनं झेंड्याकडे. "म्हणजे काय," विजयसिंह म्हणाले, "हॉलंड म्हणजे हॉलंडच!"

सयाजीरावांनी त्यांना मिठी मारली. मिठीतून सुटल्यावर विजयसिंहांना बराच वेळ धड श्वास घेता येत नव्हता. मुलगी बघणं, शिक्षण विचारणं, पोह्यांना नावं ठेवणं, सगळं बाजूला राहिलं. सयाजीराव सोफ्यावर बसले आणि चहा न पिताच म्हणाले, "सोयरीक पक्की. बोलायचंच न्हाय. आता ऐका. माझं लगीन अठ्ठ्याऐंशी सालचं. त्याच साली हॉलंडनं युरोपचा कप घेतला. त्यानंतर आमच्या घरात मंगलकार्य न्हाय आणि हॉलंडला कप न्हाय. ह्यो योग हाय. म्हणून मी जोतिबाला बोललोय, हॉलंडनं वर्ल्ड कप घेतला की दुसऱ्या दिवशी साखरपुडा आणि महिन्यात लगीन. तोवर पोराच्या डोक्यावर अक्षता न्हाय. चालंल न्हवं?"

आता इथं कुणीही शहाणा माणूस 'विचार करून सांगतो' म्हणाला असता. पण विजयसिंहांचा समज असा होता की ज्या संघाला इतका मोठा माणूस इतकं मानतो तो संघ दर एक-दोन खेपेला कप घेतच असणार. शिवाय वर्ल्ड कप तर पुढच्याच आठवड्यात सुरू होणार होता. महिन्याभरात निकाल. हॉलही तोवर मिळणार नव्हता.

"चालेल की!" ते म्हणाले. शालूबाईंनी कपाळाला हात लावलेला त्यांनी पाहिला, पण बायका हात लावतातच असं म्हणून सोडून दिला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मोबाइलवर 'हॉलंड फुटबॉल संघ, इतिहास व परिचय' असं शोधलं. पहिला सामना एकोणीसशे पाच साली, बेल्जियमबरोबर, त्यात विजय. इथवर ठीक होतं. रंग केशरी, तोही राजघराण्याच्या नावावरून, हे तर कोल्हापूरला शोभणारंच. मग आलं चौऱ्याहत्तर साल. 'टोटल फुटबॉल' नावाची नवी तऱ्हा, म्हणजे कुणीही कुठंही खेळायचं, बचाव करणाऱ्यानं गोल मारायचा आणि गोल मारणाऱ्यानं बचावाला यायचं. सगळं जग थक्क. अंतिम सामना. समोरच्या जर्मनांचा पाय चेंडूला लागायच्या आधीच हॉलंडचा गोल! विजयसिंहांनी खुर्ची पुढं ओढली. आणि हरले.

अठ्ठ्याहत्तर. पुन्हा अंतिम सामना. शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून परत आला. हरले. दोन हजार दहा. पुन्हा अंतिम सामना. जादा वेळही संपत आला होता. हरले. मधेमधे पेनल्टीवर हरणं चालूच. आणि दोन हजार दोन आणि दोन हजार अठरा साली तर त्यांना स्पर्धेत प्रवेशच मिळाला नव्हता! म्हणजे वर्ल्ड कप हॉलंडनं आजवर एकदाही घेतलेला नाही, हे विजयसिंहांना कळलं तेव्हा वर्षाराणी वरमाईच्या साडीचा रंग ठरवत होत्या.

"बाबा, तुम्ही 'चालेल' कशाला म्हणालात?" प्रियदर्शनी हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरलेले बघून विजयसिंहांना स्वतःची खरोखरच लाज वाटली. चेंडू पायानं मारायचा एवढंच कळणाऱ्या माणसानं पोरीचा संसार अकरा परक्या माणसांच्या पायाशी नेऊन ठेवला होता.

सयाजीरावांचा आनंद मात्र आवरत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ब्राझील आणि अर्जेंटिनावाल्यांचे फलक चौकाचौकात लागलेत, हॉलंडचाही लागला पाहिजे. "तुम्ही शिकलेली माणसं. हॉलंडचा इतिहास, परिचय, सगळा मजकूर तुम्ही लिवा. लोकास्नी कळू दे की आमचं खानदान काय हाय ते."

फलकाच्या मजकुरासाठी विजयसिंहांनी जितकी मेहनत घेतली तितकी त्यांनी नोकरीत कधी घेतली नव्हती. तरी कसंही लिहिलं तरी प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'हरले' यायचं. शेवटी त्यांनी 'हरले'च्या जागी 'थोडक्यात हुकले' घातलं. मग परवानगी. ज्या कार्यालयात ते गेले तिथल्या साहेबांनी मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"नलवडे साहेब, परवानगी तीनच कारणांना मिळते. वाढदिवस, अभिनंदन निवडीबद्दल, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. हे कशात बसतं?"

"इतिहास आणि परिचय आहे."

"इतिहासाला रकाना नाही. श्रद्धांजलीत घालू का? त्याला शुल्कही कमी आहे."

विजयसिंह दचकले. घरात लग्न ठरलेलं असताना असलं काही अंगावर घेणं शक्यच नव्हतं. त्यांनी वाढदिवस म्हटलं. मग वाढदिवसाच्या माणसाचं आधार कार्ड लागतं असं निघालं. ते नसेल तर शुभेच्छुकाचं चालतं असं निघालं. साहेब स्वतः ब्राझीलचे होते, म्हणून हॉलंडच्या माणसाची त्यांना दया आली आणि त्यांनी सही केली.

छपाईवाल्यानं त्याच्यापरीनं भर घातली. त्याच्याकडे फलकावर शुभेच्छुकाचा फोटो नसलेला साचाच नव्हता. त्यानं विजयसिंहांचा आधार कार्डावरचा फोटो घेतला, त्यांना काळा गॉगल चढवला, मागं उगवता सूर्य आणि दोन सिंह सोडले, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हॉलंडचे कोल्हापुरातील आधारस्तंभ मा. विजयसिंह (दादा) नलवडे.' हॉलंडचा इतिहास त्या सिंहांच्या पायाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत राहिला. पतसंस्थेतले ठेवीदार काउंटरवर येऊन 'दादा, गॉगल कुठाय?' असं विचारू लागले. मुख्य कार्यालयातून फोन आला की संस्थेच्या अधिकाऱ्यानं राजकारणात पडायचं असेल तर आधी कळवावं. विजयसिंहांनी सगळं गिळलं. मुलीच्या बापाला पूर्वीपासून हुंडा, मानपान, रुसवेफुगवे सोसावे लागत आले आहेत. हॉलंड सोसावं लागलेला मुलीचा बाप ते पहिलेच असावेत.

वर्ल्ड कप सुरू झाला आणि हॉलंड जिंकू लागलं. एक बरोबरी सोडली तर जिंकतच गेलं. विजयसिंह आता ऑफसाइड म्हणजे काय ते समजून घेत होते. बाद फेरीत अमेरिकेला हरवलं त्या दिवशी त्यांनी सोमशेखरना पेढे वाटले आणि स्वतःही तीन खाल्ले. त्यांना संशय येऊ लागला की आपल्याला हा संघ खरोखरच आवडू लागला आहे. मग पुढच्या सामन्याचं कळलं. समोर अर्जेंटिना.

"अवघड हाय हो," सोमशेखर म्हणाले. "चार वर्षं थांबावं लागणार बहुतेक. पोरगी तीस पार होणार."

सामना मध्यरात्रीनंतर होता. विजयसिंहांच्यानं तो बघवला नाही. ते डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिले आणि पहाटेच्या सुमाराला पेठांकडून फटाक्यांचा आवाज आला तेव्हा काय झालं ते त्यांना कळलं. कोल्हापुरात हॉलंडसाठी फटाके उडवणारा माणूस एकच होता, आणि एकट्यानं इतके फटाके उडवणं शक्य नव्हतं.

सकाळी वर्षाराणी म्हणाल्या, "जाऊन या. असल्या वेळी गेलं नाही तर बरं दिसत नाही. आणि काय वाटेल ते करा, पाया पडा, पण तो नवस सोडवून आणा."

मंगळवार पेठेत सयाजीरावांच्या दारात पोचल्यावर विजयसिंहांचे पाय थबकले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत खाली सतरंजी अंथरलेली, टीव्हीवर पंचा टाकलेला, आणि सयाजीराव बंडी घालून भिंतीला टेकून बसलेले. रात्री ज्यांनी फटाके उडवले तेच गल्लीतले अर्जेंटिनावाले आता मान खाली घालून भोवती बसले होते. शेजारच्या धोंडुबाईंनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, कारण त्या घरात चूल पेटली नव्हती.

शाखाधिकारी म्हणून विजयसिंहांना एक गोष्ट मात्र उत्तम येत होती, ती म्हणजे कुणी गेलं की घरच्यांना भेटायला जाणं. ठेवीदारांची घरं, सभासदांची घरं, वर्षाला कितीतरी. ते आपोआप चप्पल काढून, आवाज न करता, सयाजीरावांच्या शेजारी जाऊन बसले. मग असल्या वेळी विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"कसं झालं हो एकाएकी?"

सयाजीरावांचा बांध फुटला. "काय सांगू विजयराव. दोन गोल बसलं तवाच मी आशा सोडली हुती. मग शेवटाला जरा हालचाल झाली. एक गोल परतवला. मग अगदी शेवटच्या घडीला दुसरा. अशी फ्री किक मारली, सगळ्या जगाला फसवलं. मी हिला म्हटलं, वाचलं बघ, आता वाचलं. जादा वेळ पण काढला. आणि मग पेनल्टीत..." त्यांना पुढं बोलवेना.

"फार सोसलं म्हणायचं," विजयसिंह म्हणाले.

कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, ज्याला कोण गेलं हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं, विचारलं, "वय काय हुतं?"

"एकोणीसशे पाचचा जन्म," विजयसिंह म्हणाले. इतिहास आता त्यांना तोंडपाठ होता.

"मग पिकलं पानच की," म्हातारा म्हणाला आणि त्यानं समाधानानं मान हलवली.

सयाजीरावांनी डोळे पुसले. "घरातलं माणूस गेल्यागत झालंय, विजयराव. बाप गेला तवाही मला एवढं झालं नव्हतं."

यावर जे बोलायचं असतं ते विजयसिंहांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. वाक्य शंभरदा बोललेलं, त्याला विचार लागत नाही. "धीर धरा. गेलेलं माणूस काही परत येत नाही. आता मागच्यांचं बघायला पाहिजे. पोराबाळांची कार्यं वर्षाच्या आत..."

आणि ते थांबले.

स्वयंपाकघराच्या दारात शालूबाई उभ्या होत्या. त्यांचा हात पदराशी होता तो तिथंच राहिला.

"काय म्हणालासा दादा?" त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."

"वर्षाच्या आत," विजयसिंह चाचरत म्हणाले, "करावीत म्हणतात."

"म्हणतात न्हवं, करावीच लागत्यात!" शालूबाई पुढं आल्या. "घरातलं माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, न्हायतर तीन वर्षं थांबायचं. ही आपली रीत हाय. आपल्या लग्नाआधी तुमचं वडील गेलं, तवा त्यांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तुमच्या भणीचं लगीन लावलं का न्हाय? बोला की!"

"लावलं," सयाजीराव म्हणाले. "पर मी जोतिबाला बोललोय."

"तुम्ही काय बोलला? हॉलंडनं कप घेतला तर. द्येवानं दिला का कप? न्हाय दिला. मग त्याचं तुमच्याकडं येणं काय? आणि घरातलं माणूस गेलंय म्हणून रात्रीपासनं तुम्हीच रडायलाय, मी न्हाय. एक तर गेलंय म्हणा आणि रीत पाळा. न्हायतर गेलं न्हाय म्हणा, उठा, आणि आंघोळ करून भाकरी खावा."

हॉलंड गेलं नाही असं म्हणणं सयाजीरावांच्या जिवावर आलं असतं. इतक्या लोकांसमोर बसून रडल्यावर ते शोभलंही नसतं. त्यांनी सतरंजीवरच्या माणसांकडे पाहिलं. अर्जेंटिनावाल्यांनी एकदिलानं माना हलवल्या. कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "वर्साच्या आत केलं म्हंजे जाणाऱ्याच्या आत्म्याला पण बरं वाटतं."

"बरं वाटंल?" सयाजीरावांनी विजयसिंहांना विचारलं. तो प्रश्न खराच विचारलेला होता.

आणि विजयसिंहांनाही खराच हुंदका आला. महिनाभर ते हॉलंडबरोबर जगले होते. चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, दहा, सगळं त्यांना आठवलं. "फार बरं वाटेल," ते म्हणाले. "इतकं खेळून त्यांच्या नशिबात एकसुद्धा वरात नाही. ही तरी निघू दे."

सयाजीरावांनी त्यांचा हात धरला. मग त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "फाल्गुनात तारीख बघा."

विजयसिंहांच्या छातीवरचा धोंडा उतरला. राजवीर आतल्या खोलीत मोबाइल घेऊन पळाला. आता ही बातमी प्रियदर्शनीला कळत असणार, ती हसत असणार, या विचारानं त्यांना इतकं हलकं वाटलं की धोंडुबाईंच्या भाकरीकडं बघून आपल्याला कालपासून भूक लागली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. अर्जेंटिनावाल्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि वाजंत्री कोणती लावायची यावर त्यांची तिथंच भांडणं लागली. शालूबाईंनी चूल पेटवली. कुणीतरी टीव्हीवरचा पंचा काढला. सगळे पंगतीला बसावेत तसे सतरंजीवरच पिठलं-भाकरी खायला बसले.

दोन भाकरी पोटात गेल्यावर सयाजीरावांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी मिशीला पीळ दिला, ताट बाजूला सरकवलं आणि हात वर केला.

"मंडळी, आता ऐका. लगीन होऊ दे धडाक्यात. पर दोन हजार सव्वीसचा कप लांब न्हाय. जोतिबाच्या नावानं सांगतो, हॉलंडनं कप घेतल्याबिगर नातवाचं बारसं..."

शालूबाईंनी हातातला भाकरीचा अख्खा चतकोर नवऱ्याच्या तोंडात कोंबला. विजयसिंहांनी, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या चपळाईनं, पुढं झेपावून आपला तळहात त्यावर घट्ट दाबून धरला, आणि घास पूर्ण गिळला जाईपर्यंत काढला नाही.